खुशीची झोळी

खुशी जन्मली तेव्हापासून तिला दुपारची झोप म्हणून नव्हती. बोळिंजच्या नव्या फ्लॅटमध्ये मीरा तिला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघर ते गॅलरी अशा येरझारा घालायची. शेवटी सुरजने विरारच्या बाजारातून एक भक्कम स्प्रिंग आणली, छताच्या हुकाला अडकवली आणि खाली मीराच्या जुन्या सुती साडीची झोळी बांधली.

झोळी वरखाली नाचायला लागली आणि खुशी गप्प झाली. पण झोळी थांबली रे थांबली की पोर डोळे उघडायची. म्हणून मीरा दोरी जोरात ओढायची. झोका जितका मोठा तितका जास्त वेळ टिकेल, असा तिचा हिशोब. तेवढ्यात भाताचा कुकर लावायचा, कपडे वाळत टाकायचे. पण तिचं निम्मं लक्ष कायम स्प्रिंगच्या करकरीकडे. करकर मंदावली की ती हातातलं टाकून धावायची. अंघोळ करतानाही तिला करकर ऐकू यायची, झोळी रिकामी असली तरी.

त्यात मीराची बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारपासून शाळेत आठवीला विज्ञान शिकवायला उभं राहायचं होतं.

खुशीला सांभाळायला सुरजची आई, पुतळाबाई, चांदीप गावाहून आल्या. दारातूनच त्यांनी झोळी पाहिली आणि त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

"अगो, केवढी उडवतेस पोरीला! मान लचकंल तिची!"

"आई, थांबली की उठते ती."

"उठू दे. एवढा झोका कोन देतं?"

मीरा दळण आणायला गेली, तेवढ्यात पुतळाबाईंनी स्टूल घेतलं, जुन्या लुगड्याच्या चिंध्या केल्या आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांत ठासून भरल्या. मीरा परत आली तर खुशी रडून लालबुंद झालेली. दोरी ओढली की झोळी खाली जायची, जड माणसासारखी हळूहळू वर यायची आणि तिथेच बसायची. झोका असा उरलाच नव्हता.

"हे काय करून ठेवलंत?" मीराचा आवाज चढला. "आई, कृपा करून हिच्या झोळीला हात लावू नका!"

पुतळाबाईंनी पाठ फिरवली. गॅलरीत जाऊन कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

मीराने रडत्या खुशीला गादीवर ठेवलं आणि स्टुलावर चढून चिंध्या उपसल्या. एक पातळ पट्टी मात्र आत खोल अडकली होती, ती काही निघेना. खुशीचा आवाज टिपेला पोचला, तशी मीराने पट्टीचा नाद सोडला. खुशीला झोळीत घातलं आणि दोरी ओढली.

झोळी पूर्वीइतकी उसळली नाही. दर फेरीला झोका लहान होत गेला. मीरा पुन्हा जोरात ओढायला सरसावली आणि थबकली. झोका हातभराचा वीतभर झाला होता, वीतभराचा चार बोटं, पण ठेका तोच होता. खाली, वर. खाली, वर. कालच्या उंच झोक्याचा होता तोच. आणि खुशी त्या चार बोटांच्या हालचालीतच डोळे मिटत होती.

म्हणजे पोरीला उंची नकोच होती. झोप लागत आली की आपणच घाबरून हिसका द्यायचो आणि आपल्याच हिसक्याने ती दचकायची. झोका लहान झाला तरी ठेका बदलत नाही, शाळेत लंबक टांगून मुलांना आपण हेच दाखवतो, आणि घरात मात्र... मीराने दोरी सोडली. झोळी खाली निघाली की तिला एक बोट लावायचं, बस. तेवढं पुरत होतं.

"आई," तिने हळूच हाक मारली. "जरा या ना आत."

पुतळाबाई आल्या. चेहरा अजून घट्ट होता. मीराने त्यांचा हात झोळीच्या काठाशी नेला. पहिल्यांदा त्यांनी झोळी वर येतानाच दाबली, ठेका मोडला, खुशीने ओठ काढले. "खाली जाते तेव्हा," मीरा कुजबुजली. चौथ्या-पाचव्या खेपेला जमलं.

"मगाशी मी जास्तच बोलले," मीरा म्हणाली.

"बोललीस खरी," पुतळाबाई झोळीवरची नजर न काढता म्हणाल्या. "जा, दोन घास खा आधी."

सोमवारी मधल्या सुट्टीत मीराने स्टाफरूमच्या फोनवरून घरी फोन लावला. सकाळपासून तिचं एका जागी बूड टेकलं नव्हतं. आठवीच्या वर्गात फळ्यावर एकच आकृती तिने दोनदा काढली होती.

"झोपली का हो?"

"कवाची."

"झोळी हलतेय ना? थांबू देऊ नका."

"झोळी थांबली, मीरा. मी भाकरी टाकायला उठले नि विसरलेच. पोर झोपलीय तशीच."

मीराला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "थांबलीय? अजिबात हलत नाही?"

"नाय ग. फोनजवळनं दिसतेय मला, सुखात झोपलीय."

घंटा झाली. बाकीच्या बाई खडू-डस्टर घेऊन निघाल्या. मीरा रिसीव्हर कानाला लावून उभीच होती. हायसं वाटत होतं, आणि का कोण जाणे, थोडं टोचतही होतं.

"आई, एकदा बघता का जाऊन, श्वास नीट आहे ना?"

"बघते," पुतळाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पायांचा आवाज झोळीकडे गेला.