जिंकल्यावर काढायच्या पाट्या

निवडणूक जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लाइल ब्रेकेच्या दारात ट्रकचा भोंगा वाजला. खिडकीतून पाहतो तर आर्डिस टोलेफ्सन बाई. डोक्याला वारलेल्या नवऱ्याची शिकारीची नारिंगी टोपी, आणि चेहरा असा की जणू काल हरलोच होतो.

"बूट घाल. प्रचाराच्या पाट्या काढायच्यात."

"बाई, अहो, आपण जिंकलोय!"

"म्हणूनच तर. हरलेले रातोरात काढतात, लाजेपायी. गॅरी पोकोर्नीची एक पाटी दिसणार नाही तुला आज. जिंकलेल्यानं त्याच्याही आधी निघावं, आणि स्वतः निघावं."

बाई जिल्ह्यातल्या पक्षाच्या अध्यक्ष. त्याआधी जन्मभर त्यांनी गावच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. लाइल त्यांचाच विद्यार्थी आणि त्यानं काल पाडलेला गॅरीही त्यांचाच. विस्कॉन्सिनच्या ह्या कोपऱ्यात बाईंचा पक्ष वर्षानुवर्षं सपाटून मार खात आला होता. दर वेळी बाई उठायच्या, गुडघा चोळायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या. गुरांचा डॉक्टर असलेल्या लाइलला त्यांनीच गोठ्यातून ओढून निवडणुकीला उभं केलं होतं. गॅरीच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीच्या ऐन मध्यावर आलेली ही निवडणूक; देशभर लोक त्याच्यावर चिडलेले, त्या लाटेत लाइल वॉशिंग्टनला खासदार म्हणून निघाला होता आणि सभागृहच त्याच्या पक्षाच्या हाती आलं होतं. अशा दिवशी बाईंना पाट्या सुचत होत्या.

पहिलं घर वॉल्ट कुबियाकचं. दारातच गायी, दारातच लाइलची निळी पाटी. लाइलनं तारेचे पाय उपटले, तोवर वॉल्ट बाहेर आला.

"मत कशासाठी दिलंस रे, वॉल्ट?" बाईंनी सरळ विचारलं.

वॉल्टनं कान खाजवला. "डॉक्टर, राग मानू नका. तुमच्यासाठी नाही दिलं. दुधाचा भाव बघताय ना? वॉशिंग्टनमधल्या त्या वरच्याला जरा कळावं म्हणून दिलं."

"ऐकलंस?" बाई म्हणाल्या.

लाइल हसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दूरचित्रवाणीवाल्यांना नवा खासदार हवा होता, तोही आजच. तो बाईंना म्हणाला, "उरलेल्या पोरांकडून काढून घेऊ," आणि गेला. पोरांनी उद्या उद्या केलं. बाईंनी एकटीनं जमतील तेवढ्या काढल्या. मग जमीन गोठली आणि बाकीच्या पाट्यांचे पाय बर्फात घट्ट रुतले. लाइलचं हसरं तोंड लोकांच्या अंगणात एप्रिलपर्यंत उभं होतं. बर्फ उपसणारे त्याला शिव्या घालत वळसा मारायचे. जिंकण्याची नशा ब्रँडीपेक्षा वाईट. ब्रँडीनं निदान सकाळी डोकं तरी दुखतं.

वॉशिंग्टनमध्ये लाइल वाईट वागला असं मी म्हणणार नाही. तो सगळ्यांसारखा वागला. पक्षानं ठरवलं होतं, लोकांनी आपल्याला राष्ट्राध्यक्षाला अडवायला पाठवलंय. मग अडवा. चौकशा लावा, भांडा, रोज टीव्हीवर दिसा. दीड वर्ष असं गेलं आणि मग राष्ट्राध्यक्षानं दुधाच्या पडत्या भावाला आधार देणारं विधेयक पाठवलं. ते लाइलच्याच समितीपुढे आलं. वरून निरोप आला, दाबून ठेवा.

बाईंचा फोन आला. "लाइल, ते मंजूर होऊ दे."

"बाई, निवडणुकीच्या वर्षात? सगळं श्रेय त्याला जाईल!"

"जाऊ दे की. अरे, दूध वॉल्टचं आहे."

"तुम्हाला इथलं राजकारण नाही कळायचं, बाई."

"नसेल कळत," बाई म्हणाल्या. "पण इतकी वर्षं राग त्या एकट्याच्या दारात जायचा. आता सभागृह आपलं. आता अर्धा राग आपल्या दारात येणार. तेवढं मला दिसतंय."

विधेयक फायलीत कुजलं. राष्ट्राध्यक्ष गावोगाव फिरून एकच वाक्य सांगत राहिला, "मी दूध पाठवलं, त्यांनी झाकण उघडलं नाही." त्याला असा भांडखोर शेजारी हवाच होता, आणि तो लाइलच्या पक्षानं फुकटात पुरवला. शिवाय ह्या खेपेला खुद्द त्याचीच निवडणूक, त्यामुळे मधल्या निवडणुकीत घरी बसलेले लोकही रांगा लावून आले. तो पुन्हा निवडून आला आणि गॅरी पोकोर्नी त्याच्या मागोमाग तरला. लाइल पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला. लाइल पांघरुणात तोंड खुपसून पडला होता. बाई आता काठी घेऊन आल्या होत्या, टोपी तीच. "मी सांगितलं नव्हतं?" हे त्यांच्या तोंडून निघालं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. एवढंच म्हणाल्या, "बूट घाल."

पाट्या उपटत दोघं वॉल्टकडे आले. त्याच्या अंगणात आता गॅरीची पाटी होती. लाइलनं टोपी काढली. "वॉल्ट, ह्या वेळी मत गॅरीसाठी का?"

"छे हो, डॉक्टर. तुमच्या विरुद्ध." वॉल्ट ओशाळला. मग म्हणाला, "सहा गायी विकल्या मी उन्हाळ्यात." त्यातली ब्राउनी विताना अडली, तेव्हा लाइलनंच रात्रभर बसून मोकळी केली होती. वॉल्ट पुढे म्हणाला, "ही पाटीपण काढून न्या ना, जमीन गोठायच्या आत. तो काही यायचा नाही."

लाइलनं पाटी उपटून ट्रकमध्ये टाकली. "बाई, राहू द्या ना ह्यांच्या उभ्या. दोन वर्षांनी लोक ह्यांच्यावर चिडतील आणि आपणच जिंकू."

"जिंकू," बाई म्हणाल्या. "मला त्याचीच धास्ती आहे." आणि त्यांनी ट्रक गॅरीच्या घराकडे वळवला.

त्या पांगळ्या गुडघ्यानिशी, विरोधकाच्या दारात, तेही स्वतःच्या माणसाच्या पराभवानंतर! लाइलनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याला वाटलं, इतकी मोठी व्यक्ती आपण त्या राजधानीत दोन वर्षांत एकही पाहिली नाही.

गॅरीनं दार उघडलं, कानाला फोन, अंगात झोपायचा अंगरखा. बाईंना पाहताच शाळेतल्या पोरासारखा ताठ झाला.

"हरलास तेव्हा रातोरात काढल्यास ना पाट्या?" बाईंनी विचारलं. "मग जिंकल्यावर काय धाड भरली? बूट घाल."

गॅरी तोंड भरून हसला. "बाई, अहो, आम्ही जिंकलोय!"

लाइलनं ट्रकमधली पाटी आणून गॅरीच्या हातात दिली.

"बूट घाल, गॅरी," तो म्हणाला. "आधी वॉल्टकडे जा. आणि आज फोन घरी ठेव."