माझ्या हाताने बारा हात

मोजणीदाराने टेपचं टोक दाराच्या चौकटीला टेकवलं आणि टेप धरायला भावाला बोलावलं. बहीण शिलाई मशिनपाशी हाताची घडी घालून उभी होती.

‘वडिलांच्या कागदात काय लिहिलंय, पुन्हा वाचा,’ मोजणीदाराने भावाला सांगितलं.

‘दारापासून बारा हात लेकीचे, पुढचं लेकाचं. माझ्या हाताने मोजून,’ भावाने वाचलं. ‘आता हातांनी कोण मोजतं, सांगा! बाबा म्हणजे ना...’

‘कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात,’ मोजणीदार म्हणाला. ‘आम्ही दीड फूट धरतो. म्हणजे झाले अठरा फूट.’

अठरा फुटांवर त्याने खडूने फुली मारली. फुली खिडकीच्या पलीकडे पडली.

ती खिडकी बहिणीला हवी होती, अगदी जीव तुटेस्तोवर हवी होती. खोलीला तेवढी एकच खिडकी, आणि तिच्या उजेडात मशिन मारून तिने इतकी वर्षं घर ओढलेलं. पण बाबांचे बारा हात अठरा फूट नव्हते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. बाबा सुतार. करवतीने त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटांची दोन-दोन पेरं नेली होती. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी हा कागद केला. डावा हात धडधाकट असताना म्हातारा हट्टाने तोच थोटा हात भिंतीला लावत गेला आणि ती मागून खडूने खुणा करत गेली. हातामागे दोन इंच कमी. बाराचे भरले सोळा फूट. पुढे भिंतीला रंग दिला, खुणा गेल्या. सोळावर रेघ मारली तर खिडकी भावाची.

हे सांगून टाकायचं तिने सकाळीच ठरवलं होतं. कुणाचं लुबाडलेलं तिला नको होतं. फक्त बाबांच्या हाताचं त्याने आपणहून बोलावं, एवढीच तिची आस. अपघात झाला तेव्हा तिने त्याला चार पानी पत्र लिहिलं होतं. ‘वाचलं गं, काळजी घे,’ असा त्याचा फोनही आला होता. यायला मात्र त्याला कधी जमलं नाही. बाबा गेले तेव्हासुद्धा सगळं आटोपल्यावर पोचला.

‘बाबांचा उजवा हात आठवतो ना रे तुला?’ तिने विचारलं.

‘न आठवायला काय झालं, ताई!’ भाऊ मोजणीदाराकडे वळला. ‘साहेब, बघण्यासारखा हात होता. लांबसडक बोटं! शेवटपर्यंत रंधा असा धरायचे की बस्स. दीड फूट कसला, जास्तच भरला असता.’

‘शेवटपर्यंत?’

‘शेवटपर्यंत गं.’ त्याचे डोळे पाणावले होते, आणि नाटक नव्हतं ते. तिला त्याचाच जास्त संताप आला. चार पानं लिहिली होती मेल्या, तिच्या अगदी ओठांवर आलं. पाकीट तरी फोडलं होतंस का?

मोजणीदाराने पेन काढलं. ‘मग अठराच लिहू? मागाहून तक्रार चालायची नाही. बाई, तुमचं काही म्हणणं?’

भाऊ बाहीने डोळे पुसत होता. त्याचं पुसून होईपर्यंत ती थांबली.

‘अठराच लिहा, साहेब,’ ती म्हणाली. ‘सगळं आठवतंय त्याला.’