विहिरीपुढची वेल

शेवटच्या दिवशीही बाबा माझ्याशी भांडतच होता.

वैशाख सरत आला होता. गोराईच्या आमच्या किनाऱ्यावर सकाळपासून डंपर रेती ओतत होते, बुलडोझर ती सपाट करत होता आणि मी नकाशा धरून उभी होते. किनारा खात खात दर्या आमच्या विहिरीपासून दहा पावलांवर आला होता. एकदा खारं पाणी आत शिरलं की विहीर गेली, आणि तिच्यावर जगणारी वालाची, मुळ्याची वाडीही गेली. म्हणून बाहेरची रेती आणून किनारा पुन्हा भरायचा होता. काम माझ्या कंपनीचं, आराखडा माझा. गावात बाबाची कॉलर ताठ होती. एरवी तो सदराही घालत नसे.

पण आराखड्यात ‘झाडोरा काढणे’ अशी एक ओळ होती. झाडोरा म्हणजे मर्यादवेल, रेतीवर पसरणारी, जांभळ्या फुलांची. बुलडोझरच्या पुढे पुढे बाबा कोयत्याने तिचे हातभर तुकडे तोडून ओल्या गोणपाटात भरत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, बाबा त्याला तंबाखू द्यायचा, की पाच मिनिटं शांतता.

“उत्तरा, रेती तू आनलीस, पन तिला धरनार कोन?”

“तिचं वजनच धरेल, बाबा. गणित केलंय मी.”

“दर्यानं वाचलंय काय तुजं गनित?”

शेजारची रुक्मिणीआत्या पदर तोंडाला लावून हसली. मी चिडले. अखेर विहिरीपुढचा पट्टा त्याला देऊन टाकला आणि म्हटलं, घाल तिथे तुझी रांगोळी. संध्याकाळपर्यंत त्याने तुकडे आडवे पुरले, कळशीने पाणी घातलं. जेवताना माझ्या ताटातला बांगडा उचलला आणि वर मलाच ऐकवलं की, एवढी इंजिनेर झाली पण काटे काढता येत नाहीत.

सकाळी चहा गार झाला तरी तो उठला नाही. झोपेतच गेला होता.

तेरावं झाल्यावर मी कामावर गेले, पण त्या पट्ट्याकडे फिरकले नाही. आत्या तिथे रोज दोन कळश्या पाणी घालते, हे मला ठाऊकही नव्हतं.

आषाढी अमावास्येला उधाण आलं. तीन दिवसांनी ते ओसरलं तेव्हा मी तिकडे गेले. माझा सपाट, देखणा किनारा कमरेइतका कापला गेला होता. विहिरीपुढची रेती मात्र जागच्या जागी होती. तिच्यावर चहूकडे वेल पसरली होती, चिखलाने माखलेली, आणि तशातही दोन फुलं उमललेली.

आत्याने पोहरा ओढून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. ते गोड होतं. मग तिने सांगितलं, तुकडे पुरले त्या संध्याकाळी बाबा तिच्याकडे गेला होता. घरी नसलो तर वेलीला पाणी घाल म्हणाला, आणि पोरीला काही बोलू नको म्हणाला.

“का गं?”

“म्हनला, पोर हुशार हाय. नजर पडली का कलेल तिला.”

मी पिशवीतून पुढच्या वर्षाचा आराखडा काढला आणि ‘झाडोरा काढणे’ ही ओळ खोडली. आत्या पोहऱ्याची दोरी गुंडाळत राहिली. मी वेलीकडे तोंड केलं.

“बाबा,” मी मोठ्याने म्हटलं, “तुझं बरोबर होतं. माझं चुकलं.”