शेनसाहेबांचा झाकणवाला कप

मी चहाचा एक जुना, झाकणवाला कप आहे. अंगाने पांढरा, कानाशी जरासा टवका उडालेला. आता मुक्काम अमेरिकेतल्या फ्रीमाँटला, पण मित्रांनो, माझा जन्म चीनमधल्या एका भट्टीतला.

शेनसाहेब जिल्ह्याच्या पक्षकचेरीत लागले, तेव्हा मी त्यांच्याकडे आलो. पुढे ते प्रांताचे सचिव झाले, मग राजधानीतल्या मोठ्या सभागृहात बसू लागले. दर बढतीला मी टेबलाच्या मधोमध सरकत गेलो. कपाचं नशीब थोर, असं तुम्हीही म्हणाल. पण भट्टीत घाबरलो नाही एवढा मी तिथे घाबरलो. सभा चालू असतानाच एखादा कप गुपचूप उचलला जाई. त्याच्या मालकाला नुकतंच कुणीतरी बाहेर बोलावलेलं असे. तो परत येतच नसे. बाकीचे कागदात डोकं खुपसत.

तेव्हापासून साहेब मला कुणाला हात लावू देत नसत. स्वतः विसळत, स्वतः भरत. झाकण ठेवतानाही आवाज होऊ देत नसत.

निवृत्त होऊन ते इथे लेकीकडे आले. भीतीही सामानाबरोबर आली. दारावरची बेल वाजली की मला धरलेली बोटं गार पडत.

बागेत फिरताना त्यांना नागपूरचे मनोहरकाका भेटले. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण गुडघे सारखेच दुखतात. परवा काकांनी चहाला बोलावलं. साहेब मला घेऊनच गेले. अर्धा चहा झाला असेल, तोच काकांच्या पत्नी शैलजाकाकूंनी मागून येऊन मला उचललं!

साहेब ताडकन उभे राहिले. तोंड पांढरंफटक. आता आपल्याला धरून नेणार, अशा समजुतीने त्यांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. चष्मा काढला, तोही शेजारी ठेवला.

"अगं, पाहुण्यांचा कप कुठे पळवतेस?" काका म्हणाले.

"पळवतेय कुठली! आत बघा, केवढा राप चढलाय. जरा सोडा लावते."

स्वयंपाकघरातून साहेब दिसेनात. आता आपलं संपलं, असं वाटून मी नळाखाली गारठलो.

काकूंनी मला घासलं, पुसलं, आल्याच्या चहाने काठोकाठ भरलं आणि होतो तिथेच आणून ठेवलं. "मोर टी, भाऊजी! सिट, सिट. अगंबाई, घड्याळ का काढून ठेवलंत?"

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. उचलून नेलेला कप परत आलेला त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मग ते हळूच बसले. झाकण ठेवलं, तर ते माझ्यावर खणकन वाजलं. काकांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं. भ्यालेल्या माणसाचा कप उचललात, तर त्याच्या डोळ्यांदेखत परत आणून ठेवा.

आत्ताच बेल वाजली. बोटं पुन्हा गार पडली आहेत. दारात काकूच आहेत ना?