सुचित्राचं निळं जाकीट

मी एक जुनं बुलेटप्रूफ जाकीट आहे. निळ्या कापडाचं, छातीवर ‘प्रेस’ असं लिहिलेलं. आत पुढे-मागे कठीण प्लेट असल्यामुळे मी चांगलाच जड आहे. मित्रांनो, मला घालून माणसं दमतात. आता मीही दमलोय.

परळच्या एका वृत्तवाहिनीत मी आलो, तेव्हा सुचित्राने मला पहिल्यांदा अंगावर चढवलं. ती नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली. परदेशांतल्या युद्धांच्या बातम्या द्यायला ती जायची, सोबत माहीमचा कॅमेरामन वेन. पडक्या घरांपुढे उभी राहून ती बोलायची, तेव्हा तिचा घाम माझ्यात मुरायचा. लोक तिच्या धाडसाचं कौतुक करायचे. पण कॅमेरा बंद झाला की ती तिथेच दगडावर बसायची. पाण्याची बाटली उघडायचंही त्राण नसायचं.

एका गावात इस्पितळाबाहेर ती बोलत असताना जवळच तोफगोळा फुटला. त्याचा तुकडा सरळ माझ्यावर आदळला. सुचित्रा पडली, पण उठली. माझ्या आतली प्लेट मात्र तडकली.

घरी आल्यावर तिच्या आईने, सुभद्राबाईंनी, माझ्या फाटक्या कापडावरून हात फिरवला.

“आता पुरे झाला गो बाय,” एवढंच त्या म्हणाल्या. सुचित्रा भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती.

काही महिन्यांनी दुसऱ्या देशात युद्ध पेटलं. ऑफिसने माझं कापड शिवून मला पुन्हा टेबलावर ठेवलं.

“बाहेरून तर ठीक दिसतंय,” संपादक अजित म्हणाले. “नवं यायला वेळ लागेल. तोवर बातमी शिळी होईल.”

“सर, आतली प्लेट तडकलीय.” सुचित्राने मला उचलून दाखवलं. “एकदा मार खाल्ला की ती दुसऱ्यांदा वाचवत नाही.”

“मग मी दुसऱ्या कुणाला पाठवतो.”

“त्यालाही हे घालू देणार नाही,” सुचित्रा म्हणाली.

वेनने कॅमेऱ्याची बॅग खाली ठेवली. “मी पण नाय जात, सर.”

तो दौरा रद्द झाला. त्यानंतर सुचित्राला परदेशी पाठवलं नाही. आता ती डेस्कवर बसून इतरांच्या बातम्या नीट करते आणि मी कपाटावर धूळ खातो. मला त्याचं दुःख नाही. माझ्या भरवशावर कुणी मरायला गेलं नाही, हे पुष्कळ झालं.

मित्रांनो, टीव्हीवर निळं जाकीट घातलेलं कुणी दिसलं, तर चॅनल बदलण्याआधी क्षणभर थांबा. त्यांचं ऐका. आणि बातमी जुनी झाल्यावर एकदा तरी विचारा, ती माणसं सुखरूप घरी पोचली का?