तीन मागांच्या मधोमध

मित्रांनो, नाकं मुरडू नका! बुडाला चिंधी बांधलेली मी एक जुनी बांबूची टोपली आहे खरी, पण १९७२ साली सुरतेतल्या लिंबायतच्या एका खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, तीन माग माझ्या जिवावर चालत होते.

एकाच बांबूतून आम्ही तिघी बहिणी विणल्या गेलो. भागीरथीमावशी कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. रोज सकाळी ती एकेका मागाशी ठेवलेल्या आम्हा तिघींत सारख्या कांड्या टाकी. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. किती छान, नाही का?

पण माग कुठे सारखे होते! विणकर दगाचा नवा, नुसता पळत सुटायचा. भिकनचा बेताचा. आणि माझ्या सुपडूचा तर खोकत खोकत चालायचा. दुपार होते न होते तोच दगाची टोपली रिकामी, माग बंद. मी मात्र तशीच भरलेली!

एकदा नेमके तेव्हाच शेठ आले. “आ केम बंध छे? पुन्हा बंद दिसला तर कामावर येऊ नको.”

दगाचं तोंड उतरलं. नुकतंच त्याने बायकोला गावाहून आणलं होतं. शेठ जाताच तो म्हणाला, “सुपडूभाऊ, दोन कांड्या दे ना.”

“मन्ही टोपलीले हात लावू नको! सांजले मालेच कमी पडन्यात मंग?”

मीच दगाकडे गेले असते! पोट भरलेलं, पण पाय नाहीत ना मला.

पुढच्या आठवड्यात दगाचा माग पुन्हा थांबला आणि दारात शेठच्या सायकलची घंटी वाजली. मावशी ताडकन उठली. मला उचलून तिने तिन्ही मागांच्या मधोमध ठेवलं, बहिणींकडच्या उरलेल्या कांड्याही माझ्यात ओतल्या.

“ज्याची संपेल त्याने इथून उचला! सुपडू, डोळे काय वटारतोस? कांड्या तुझ्या सासरहून आल्यात का? मी भरतेच आहे ना!”

दगाने झडप घातली. शेठ आत आले तेव्हा तिन्ही माग खडखडत होते.

सगळे हसले. मी मात्र गारठले. तिघींचं ओझं माझ्या एकटीवर! बूड करकरू लागलं. मी फाटले तर कांड्या खाली सांडलेल्या मागांच्या तेलात जाणार, पुन्हा तिन्ही माग बंद! कोणाचंच लक्ष नव्हतं. शेवटी मावशीनेच वाकून पाहिलं.

“अगं बाई, हिच्यावरच सगळं आलं की!” तिने आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून माझं बूड आवळलं.

मित्रांनो, काम वाटताना नुसतं सारखं वाटू नका, कोणाचे हात मोकळे झालेत तेही बघा. आणि ज्याला मधोमध ठेवाल ना, त्याच्या बुडाखाली अधूनमधून हात घालून बघत जा.