कानाने लावलेलं टायमिंग

"चहा आता पुन्हा गरम करणार नाही मी. त्या टर्बोशीच संसार थाटायचा होता, म्हणजे माझी तरी सुटका झाली असती!"

आई हे बाबांच्या पाठीमागे, वीतभर अंतरावर उभी राहून म्हणाली. बॉनेटखाली वाकलेल्या बाबांनी मानही वळवली नाही. पूर्वी तिच्या प्रत्येक कुरकुरीला त्यांचा टोमणा तयार असायचा आणि दोघांची अशी जुंपायची की गिऱ्हाईकं काम विसरून मजा बघायची. आता आईला हवं ते बोलायची मोकळीक होती. ती मोकळीकच तिला खात होती, हे लेकीला, चिंगीला दिसायचं. आईने कप बॅटरीशेजारी ठेवून त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा कुठे ते दचकले.

"अगं, हाक तरी मारायचीस!"

"मारली हो," म्हणत आई आत गेली.

गल्लीत सगळे बाबांना वस्ताद म्हणत. इंजिनात नेमक्या क्षणी डिझेल सोडणाऱ्या पंपाचं टायमिंग ते कानाने लावायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि पंप केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहायचं. बारीक, कोरडी टकटक आली की नट आवळायचे. लोक लांबून गाड्या आणायचे ते या कानासाठी.

पण जन्मभर इंजिनांच्या शेजारात राहिलेल्या त्या कानातून आधी बारीक आवाजच निघून गेले. घरघर कळायची, टकटक कळेना. मग ती ऐकू येईपर्यंत बाबा पंप पुढे पुढे नेत. त्यांना बारीक टकटक ऐकू यायची, तेव्हा गल्लीला घणाचे घाव ऐकू येत असायचे. डिझेल वेळेआधीच पेटू लागलेलं असायचं.  चिंगी सकाळी सगळ्यांच्या आधी गॅरेजात यायची, पंप गुपचूप मागे घ्यायची आणि पान्याच्या खुणा दिसू नयेत म्हणून नटांना पुन्हा काजळी फासून ठेवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "वस्ताद, कान आहे की काय आहे!" बाबा नव्या नवरीसारखे लाजायचे. त्या लाजण्यापायी आई गप्प, चिंगी गप्प, शेजारचा टायरवालासुद्धा गप्प, ज्याच्या तोंडाला एरवी झाकण नव्हतं.

आजची गाडी मात्र घरचीच होती, बाबांची जुनी पिकअप. नवऱ्याचं घर सोडून आल्यावर चिंगीने मालवाहतूक करायचं ठरवलं. भरलेली पिकअप चढाला धापा टाकायची. "लग्नाच्या वेळी तुझ्यापुढे माझं काही चाललं नाही," बाबा म्हणाले, "इथे तरी चालू दे." त्यांनी भंगारातून इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो हुडकून आणला, त्याच्या तेलाची नळी स्वतः वाकवली, पुढची जाळी कापून ती हवा गार करायला इंटरकूलर बसवला, पंपातून जाणारं डिझेल वाढवलं. इतक्या मायेने त्यांनी चिंगीला कधी जवळ घेतलं नव्हतं. त्यांना जे येत होतं त्यातून ते तिला जवळ घेत होते.

हौद्यात सिमेंटच्या गोण्या भरून तयार होत्या. पहिलंच भाडं.

"मार सेल्फ!"

चिंगीने स्टीअरिंगवर बसून सेल्फ मारला. इंजिन धडधडलं. बाबांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले, पंप फिरवू लागले. एका क्षणी ती टकटक आली, अगदी नेमकी. थांबा, चिंगी मनात म्हणाली. इथेच थांबा ना, बाबा.

पंप पुढे गेला. पत्र्यावर ठेवलेले पाने थडथडू लागले. टायरवाल्याने हातोडी थांबवली आणि उगाच एका टायरमध्ये तोंड घातलं. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी नट आवळले.

"ऐकलंस? कसा बोलतोय बघ!"

चिंगीने मान डोलावली. सवयच होती ती.

"उतर. चढाला मीच घेतो," म्हणत ते स्टीअरिंगवर जाऊन बसलेसुद्धा.

"उद्या जाऊ या," तिने हातवारे करून सांगितलं.

"उद्या कशाला? गोण्या काय बघायला भरल्यात?"

जुन्या इंजिनाने ही चूक सोसली असती. आता टर्बोची हवा आणि वाढवलेलं डिझेल. पहिल्याच चढाला पिस्टनला भोक पडलं असतं. पडू दे, असंही तिच्या मनात येऊन गेलं. भंगारातला टर्बोच खोटा निघाला म्हणू. बाबांना पटेल. मग ते पुन्हा उभं करतील इंजिन, तेवढ्याच मायेने, त्याच कानाने.

तिने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. ती हळूच काहीतरी म्हणाली.

"काय?" बाबा खिडकीशी वाकले.

तिने पुन्हा सांगितलं. 

"मोठ्याने बोल की! पुटपुटतेस काय?" ते हसत होते.

म्हणजे हे कानाशी लागून, कुणाला कळू न देता सांगायची सोयच नव्हती. सांगायचं तर ओरडूनच, आणि ओरडायचं म्हणजे साऱ्या गल्लीला सांगायचं. आई ओल्या हातांनी दारात आली होती. तिने नको, नको अशी मान हलवली. मग ती मान खाली गेली.

चिंगीने बाबांचा चेहरा काळ्या हातांत धरला, आपल्या ओठांसमोर आणला आणि जीव खाऊन ओरडली,

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही!"